पायाखालची फरशी

"अगं, बैठकीतली जमीन वर आलीय. मधोमध फुगलीय. काय करायचं?"

२०२५ च्या जुलैमध्ये पप्पांचा हा फोन आला तेव्हा मी मेसच्या रांगेत ताट धरून उभी होते. मी मोठ्याने "जमीन वर आली?" असं ओरडल्यावर मागच्या मुलीने घाबरून विचारलं, "भूकंप झाला का गं?" मराठवाड्यातल्या माणसाला हा प्रश्न वेडगळ वाटत नाही. १९९३ चं किल्लारी आमच्या जन्माच्या कितीतरी आधीचं, तरी घरोघरी अजून त्याच्या गोष्टी निघतात. पण भूकंप नव्हता. फुगलं होतं ते आमचं लॅमिनेट फ्लोअरिंग. आणि ते घरात आणायचा हट्ट माझा होता, म्हणून फोनही मलाच!

आमचं घर धारूरचं. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरावर. किल्ल्यामुळे सगळे 'किल्ले धारूर' म्हणतात. घर पणजोबांच्या वेळचं, दगड-मातीचं, दोन-दोन फूट जाड भिंतींचं. पुढे माळवद जाऊन स्लॅब आला, दोन खोल्या वाढल्या, पण बैठकीची खोली तशीच राहिली आणि तिच्यातली शहाबादी फरशीही. शहाबाद आज कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात आहे. पण १९४८ पर्यंत ते गाव आणि आमचा बीड जिल्हा एकाच निजामाच्या राज्यात होते, त्यामुळे तिकडचा हा चुनखडीचा दगड मराठवाड्यातल्या घराघरात पोचला. करडा, थंडगार, थोडा खडबडीत. उन्हाळ्यात दुपारी पाठ टेकवली की झोप लागलीच समजा.

ही फरशी मला 'गावंढळ' वाटायला लागली ती सेकंड इयरला. रूममेटच्या पुण्यातल्या फ्लॅटवर गेले होते. तिथली जमीन चॉकलेटी, लाकडासारख्या रेषांची, अनवाणी चाललं तरी पाय गार न पडणारी. त्यात दादाचं लग्न ठरलेलं, पाहुणे येणार, बैठक जरा बरी दिसायला हवी असं पप्पांनाही वाटत होतं. मी नेटवरून वाचून सगळी माहिती दिली. खोली पंधरा बाय बारा, म्हणजे १८० चौरस फूट. सगळा मिळून खर्च वीस हजारांच्या घरात. २०२४ च्या दिवाळीआधी एका दिवसात काम झालंसुद्धा. खोकी टेंपोतून उतरली, फोडली आणि संध्याकाळपर्यंत बैठक पुण्याची झाली!

आजी तेवढी दारात उभी राहून बघत होती. "त्या मागच्या भितीला ओल हाय," ती म्हणाली. "तिथं लाकूड कामून घालायलाव?"

आम्ही हसलो. मी तर म्हणाले, "आजी, हे लाकूड नाही, एचडीएफ आहे!"

इथे जरा कबुली द्यायला हवी. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. 'ओल' म्हटल्यावर माझ्या डोक्यात 'डॅम्प' येतं, आणि डॅम्प म्हणजे फक्त पावसाळ्यात न वाळलेला युनिफॉर्म. भिंतीच्या पायथ्याशी पांढरी पावडर फुलून रंगाचे पोपडे पडतात, त्याला आजी 'लोणा लागला' म्हणते. मी हा शब्द कितीदा ऐकला होता, पण तो केमिस्ट्रीच्या पुस्तकातल्या एफ्लोरेसन्सचाच भाऊ आहे हे मला कळलं ते वीस हजार रुपये गेल्यावर.

आणि एचडीएफ म्हणजे तरी काय? लाकडाचा भुसा आणि तंतू, रेझिन घालून प्रचंड दाबाखाली दाबलेले. त्याच्यावर लाकडाचा फोटो छापलेला कागद, त्याच्यावर मेलामाइनचा पारदर्शक थर, त्यात झिजू नये म्हणून ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण. खालच्या बाजूला आणखी एक थर, तोल राखायला. १९७७ साली स्वीडनमधल्या पेरस्टॉर्प कंपनीने ही युक्ती काढली. वरून हे चिलखत इतकं कडक असतं की खुर्च्या ओढा, काही होत नाही. पण आतून शेवटी लाकूडच. पाणी प्यायलं की फुगणार, आणि एकदा नीट फुगलं की वाळल्यावरही पूर्ववत होणार नाही. आजी बरोबर होती, एचडीएफ हे लाकूडच आहे.

तर जुलैचा फुगवटा. मी शनिवारी घरी गेले. खोलीच्या मध्यावर लांबच्या लांब उंचवटा आला होता, पाय दिला की दबायचा आणि सोडला की टप्प करून वर यायचा. दादाने त्यावर एक पोतं गहू ठेवून पाहिलं होतं. उंचवटा शेजारी सरकला. हे दुखणं ओळखणं सोपं निघालं. हे फ्लोअरिंग जमिनीला चिकटवत नाहीत. फळ्या एकमेकींत अडकवतात आणि अख्खा पट्टा फोमवर नुसता तरंगत असतो. हवेतला दमटपणा वाढला की तो पसरतो, म्हणून चारही भिंतींजवळ आठ-दहा मिलिमीटर फट मोकळी सोडायची आणि ती स्कर्टिंगखाली झाकायची. आमच्या मिस्त्रींनी फळ्या भिंतींना अगदी घट्ट भिडवल्या होत्या. त्यांना दोष काय द्यायचा, "फट दिसायला नको हं" असं मीच तीनदा बजावलं होतं. शिवाय एका बाजूला जड लोखंडी कपाट, दुसऱ्या बाजूला दिवाण. पट्ट्याला पसरायला जागा उरली ती फक्त वर.

स्कर्टिंग काढून आम्ही कडेने दहा मिलिमीटर कापलं, कपाट हलवलं. दोन दिवसांत उंचवटा बसला. एप्रिलमध्ये फळ्यांमध्ये ज्या भेगा पडल्या होत्या त्यांचंही कोडं सुटलं. खोकी दोन दिवस तरी खोलीत पडू द्यायची असतात, म्हणजे माल तिथल्या हवेला रुळतो. आम्ही तेवढाही धीर धरला नव्हता. आणि चालताना टकटक वाजायचं ते खालची फरशी एका पातळीत नसल्यामुळे. झालं! तीन तक्रारी, तीन कारणं. पप्पांनी आल्या-गेल्याला "पोरीने केलं" म्हणून सांगितलं. मी हॉस्टेलवर परतले ती हवेतच.

लॅबमध्ये आम्हाला शिकवतात की एक फॉल्ट सापडला म्हणून सर्किट बरं झालं असं समजू नका. हे मी जर्नलमध्ये लिहिलंसुद्धा आहे, सुवाच्य अक्षरात.

२०२५ चा सप्टेंबर मराठवाडा विसरणार नाही. एरवी आमचा जिल्हा टँकरचा. पाणी नाही म्हणून दिवाळीनंतर गावंच्या गावं ऊसतोडीला जातात. त्या महिन्यात मात्र अतिवृष्टीने सोयाबीन जागेवर सडलं, नदीकाठची शेतं खरवडून गेली. लोकांच्या अंगणात हे चाललेलं असताना बैठकीतल्या फळ्यांचं दुःख सांगायची लाज वाटावी. पण दादाने व्हॉट्सॲपवर फोटो टाकले. मागच्या भिंतीकडच्या फळ्यांच्या कडा ओठांसारख्या वर आल्या होत्या. सगळ्यात जास्त आजीच्या खाटेजवळ, तिच्या उशाशी.

मी फोटो मोठा करून पाहिला. खाटेच्या पायाशी पितळी तांब्या दिसला. लगेच माझं निदान तयार!

संध्याकाळी फोन स्पीकरवर टाकायला लावला. "आजी, रात्री तांब्या उशाशी ठेवू नकोस ना. पाणी सांडतं तुझ्याकडून."

"न्हाई गं माय, सांडत न्हाई."

"मग बरोबर तिथंच कशा फुगल्या फळ्या?"

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "बरं. न्हाई ठिवत."

आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय. घरात ती डोळ्यांपेक्षा पायांनी चालते. कुठली शहाबादी डुगडुगते, कुठल्या दोन फरश्यांमध्ये बोटभर खाच आहे, दाराजवळची कुठली झिजून गुळगुळीत झाली आहे, हे तिच्या तळपायांना पाठ होतं. लॅमिनेट आल्यावर सगळी खोली एकसारखी झाली. हे मला तेव्हा सुचलं नव्हतं, ती बोललीही नव्हती.

दसऱ्याच्या तीन-चार दिवस आधी रात्री ती पाणी प्यायला उठली. तांब्या उशाशी नव्हता, म्हणून माठाकडे निघाली. फळीच्या वर आलेल्या कडेला अंगठा अडकला. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर.

पप्पांनी मला हे दुसऱ्या दिवशी सांगितलं आणि 'माठाकडे चालली होती' हा तपशील अगदी सहज सांगितला. त्यांना तो महत्त्वाचा वाटला नसावा. फोन ठेवल्यावर मी लेक्चरला गेले. काय शिकवलं ते आठवत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी मल्टिमीटर बॅगेत घालून घरी गेले. खरं सांगायचं तर मला शोध वगैरे लावायचा नव्हता. तांब्याचंच पाणी होतं हे सिद्ध झालं असतं तर माझं मन जरा हलकं झालं असतं, इतका क्षुद्र हेतू होता.

कोरडं लाकूड वीज जवळजवळ वाहून नेत नाही, ओलं झालं की त्याचा रेझिस्टन्स झपाट्याने उतरतो. सुतारकामाचे ओल मोजायचे मीटर याच तत्त्वावर चालतात. मी एका खोडरबरातून दोन बारीक खिळे आरपार घातले, म्हणजे दोघांतलं अंतर सगळीकडे सारखं राहील, आणि त्यांना मल्टिमीटरच्या वायरी जोडल्या. जमिनीची वाट लागलेलीच होती, त्यामुळे खिळे ठोकायला कुणी हरकत घेतली नाही. खोलीत दोन-दोन फुटांवर खडूने खुणा केल्या. सात आडव्या, सहा उभ्या, एकूण ४२ जागा. रेंज २००० किलोओमची.

खोलीच्या मध्यावर आणि पुढच्या दाराकडे मीटरच्या पडद्यावर डाव्या कोपऱ्यात नुसता एक, म्हणजे मोजमापाच्या बाहेर. कोरडं. मागच्या भिंतीकडे सरकेल तसे आकडे उमटायला लागले आणि अगदी भिंतीलगतच्या ओळीत तीनशे-चारशे किलोओमवर आले. आजीच्या उशाशी तेवढेच. तिच्या पायथ्याशी तेवढेच. दादाला हाताशी धरून लोखंडी कपाट सरकवलं. त्याच्यामागे फळ्या कापायला आम्ही जुलैत गेलो होतो तेवढेच, एरवी तिथे वर्षानुवर्षं कुणी तांब्या नेलेला नाही. तिथेही तेवढेच!

आजी खाटेवर प्लॅस्टरचा हात मांडीवर घेऊन बघत होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

मग एक फळी उपसली. वरून ठीक, खालून काळसर, बुरशीचा वास. फोमच्या पोटाशी पाण्याचे थेंब. सिव्हिलच्या मैत्रिणीला फोन केला, तर ती म्हणाली, उघड्या फरशीवर प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद कर आणि चोवीस तासांनी बघ. थेंब कागदाच्या आतल्या बाजूला जमले तर पाणी जमिनीतून येतंय. तीन ठिकाणी चिकटवला. भिंतीजवळचे दोन कागद दुसऱ्या दिवशी आतून घामेजले होते, मधला कोरडा.

म्हणजे पाणी खालून आणि भिंतीकडून येत होतं. का येत होतं, ते बाहेर जाऊन पाहिल्यावर कळलं. मी लहान असताना मागच्या दाराला तीन पायऱ्या होत्या. बसून चिंचोके खेळायचो तिथे. आता एकच उरली आहे. घर खचलेलं नाही, मागचा रस्ता वर आलाय! जुन्या सिमेंट रस्त्यावर नवा सिमेंट रस्ता, जुना उखडायची भानगडच नको. होता होता रस्ता आमच्या जोत्याच्या बरोबरीला आला आणि पावसाचं पाणी भिंतीला टेकून उभं राहायला लागलं. जुन्या घरांना आजच्यासारखा डीपीसीचा थर नसतो. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी आपोआप वर चढतं. अकरावीच्या फिजिक्समधली कॅपिलरी आठवते? नळीची त्रिज्या ०.१ मिलिमीटर असेल तर पाणी सुमारे पंधरा सेंटिमीटर चढतं, त्रिज्या दहापट कमी केली तर हिशेबाने दीड मीटर. हे गणित मी परीक्षेत बिनचूक सोडवलं होतं. आमच्या भिंतीवरचा लोणा जमिनीपासून तीन फुटांवर थांबतो, हे मात्र तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, मग इतकी वर्षं शहाबादीला काही कसं झालं नाही? होत होतंच की. दर पावसाळ्यात त्या बाजूच्या सांध्यांचा रंग गडद व्हायचा, आजी तिकडे धान्याची पोती ठेवू द्यायची नाही. पण येईल ती ओल सांध्यांतून हवेत निघून जायची. आम्ही वरून फोम आणि मेलामाइनचं झाकण लावलं आणि मधल्या फळ्यांनी ती सगळी पिऊन घेतली. फोमखाली जाड पॉलिथिनचा कागद अंथरायचा असतो, आमच्याकडे तोही नव्हता. असता तर फळ्या कदाचित वाचल्या असत्या, भिंत मात्र आणखी ओली झाली असती.

मी आजीजवळ जाऊन बसले. "आजी, तांब्याचा काही संबंध नव्हता. पाणी खालून येतंय."

"मला ठावं हाय की."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलले की. सांडत न्हाई म्हणलं." मग माझ्या खिळे खुपसलेल्या खोडरबराकडे बघत म्हणाली, "तू शिकलेली. मला वाटलं, आसंल बाई काही."

यावर काय बोलणार? मी उठून फळ्या उपसायला लागले. उपसायला फार वेळ लागत नाही. ज्या क्लिक-लॉकचं मी पप्पांसमोर कौतुक केलं होतं ते उलट्या बाजूनेही चांगलं चालतं. दुपारपर्यंत खालची शहाबादी उघडी पडली, वर्षभर उन्हाचं तोंड न पाहिलेली.

पुढचं काम गवंडी चाचांचं. त्यांनी भिंतीला टकटक करून बघितलं आणि आतून खालच्या तीन फुटांतलं सिमेंटचं प्लास्टर फोडायला लावलं. मातीच्या भिंतीला सिमेंट लावलं की ओल आत कोंडते, तिथे चुनाच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. बाहेर भिंत आणि रस्ता यांच्यामध्ये हातभर पट्टी आमची आहे. तिथे दोन फूट खोल चर खणला, तळाला भोकं पाडलेला पाइप उताराने टाकून नालीकडे काढला, वर खडी भरली. "बेटा, पानी कू जाने कू रस्ता नै दिया, तो वो घर मेंच आयेगा," चाचा म्हणाले. मला पाहिजे होती ती सगळी थिअरी त्यात आली. आमच्या गावच्या किल्ल्याला साडेचारशे वर्षं होऊन गेली आणि आमची नवी जमीन एक वर्ष टिकली नाही, असं दादा म्हणाला, तेव्हा चाचा इतके हसले की थापी खाली ठेवावी लागली.

या पावसाळ्यात खरं काय ते कळेल. सध्या फरशी पुसली की पटकन वाळते आणि चुन्याच्या पट्ट्यावर अजून लोणा दिसलेला नाही. पण मी आता घाईने काहीच जाहीर करत नाही. आजीचं प्लॅस्टर निघालं, मूठ मात्र पूर्ण वळत नाही. भाकरी थापते ती डाव्या हाताने, आणि ती वाकडी झाली की मला देते. तांब्या पुन्हा उशाशी आलाय.

उरला प्रश्न चांगल्या राहिलेल्या वीसेक फळ्यांचा. पप्पा म्हणाले, बंबात घालू. मी अडवलं, त्यातल्या रेझिनचा धूर चांगला नसतो. दुकानदार परत घेईना. शेवटी मार्चमध्ये आजीने त्या गच्चीवर नेऊन मांडायला लावल्या, कुरडयांच्या वाळवणाला. मी म्हटलं, "आजी, चीक ओला असतो. फळ्या फुगतील."

तिने आधी प्लॅस्टिकचा मोठा कागद आणून फळ्यांवर नीट पसरला, कडांना दगड ठेवले, आणि मग पहिली कुरडई घातली.